‘८४७ एरर सापडले’: रजिस्ट्री क्लीनरची यादी घरच्या घरी कशी तपासायची

नागपुरात बर्डीवरून सेकंडहँड डेस्कटॉप आणला, किंवा घरचाच जुना लॅपटॉप रडतखडत चालायला लागला, की कोणीतरी रजिस्ट्री क्लीनर टाकायला सांगतंच. स्कॅन दोन मिनिटांत होतो आणि लाल पट्टीत आकडा येतो: ८४७ एरर. खाली ‘फिक्स’चं मोठं हिरवं बटण असतं. ते दाबू नका. आधी यादी तपासा. त्यासाठी संध्याकाळचा एक तास आणि एक पेनड्राइव्ह पुरे.

रजिस्ट्री म्हणजे विंडोजची नोंदवही. प्रत्येक प्रोग्राम, ड्रायव्हर आणि फॉन्ट तिच्यात आपापल्या पद्धतीनं लिहितो. कोणी फाइलचा पूर्ण पत्ता लिहितो, कोणी नुसतं नाव, कोणी सांकेतिक आकडा. क्लीनर मात्र बहुतेक नोंदींना एकच प्रश्न विचारतो: इथे लिहिलेली फाइल मला आत्ता दिसते का? नाही दिसली की झाला एरर. मे महिन्यात धरमपेठेतल्या एखाद्या घराला कुलूप दिसलं म्हणून त्या कुटुंबाचं नाव मतदारयादीतून काढावं, तसा हा हिशेब. मंडळी गावाला गेलेली असतात.

आधी परतीची वाट

रिस्टोअर पॉइंट म्हणजे काही बिघडलं तर विंडोज आजच्या स्थितीला परत आणायची सोय. स्टार्टमध्ये इंग्रजीत ‘रिस्टोअर पॉइंट’ टाइप करा आणि ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ उघडा. सी ड्राइव्हसमोर ‘ऑफ’ दिसू शकेल, कारण बऱ्याच कॉम्प्युटरवर ही सोय बंदच असते. तसं असेल तर ‘कॉन्फिगर’मध्ये जाऊन ती सुरू करा आणि ५ टक्के जागा द्या, २५६ जीबीच्या एसएसडीवर ती साधारण १२ जीबी होते. मग ‘क्रिएट’ दाबून तारखेचं नाव द्या.

विंडोज स्वतःच रजिस्ट्रीचा बॅकअप ठेवतं, असं कोणी सांगितलं तर त्या भरवशावर राहू नका. पूर्वी सिस्टम३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरात ‘रेगबॅक’ नावाच्या फोल्डरात तो असायचा. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून हा आपोआप होणारा बॅकअप बंद आहे. फोल्डर आहे, पण त्यात फायली दिसल्या तरी प्रत्येकीचा आकार ० केबी.

आता क्लीनरची यादी टेक्स्ट फाइलमध्ये सेव्ह करा. काही क्लीनर फक्त एकूण आकडा दाखवतात आणि प्रत्येक एररचा रजिस्ट्रीतला पत्ता दाखवायचं टाळतात. तसा असेल तर पुढचं काही करायची गरज नाही. तो तिथल्या तिथे अनइन्स्टॉल करा. जो पत्ता सांगत नाही त्याचं म्हणणं तपासणार कसं?

पेनड्राइव्हचा प्रयोग

हा प्रयोग अर्ध्या तासाचा आहे आणि क्लीनरची लायकी त्यातच कळते.

पेनड्राइव्हवर दोन फोल्डर करा. एकाचं नाव देवनागरीत ‘संत्री’, दुसऱ्याचं तेच नाव इंग्रजी अक्षरांत. इन्स्टॉल न करता चालणारा एखादा छोटा प्रोग्राम, म्हणजे ज्याला पोर्टेबल म्हणतात तो, दोन्हींत कॉपी करा. फाइल एक्स्प्लोररमधून दोन्ही ठिकाणी डबल क्लिक करून तो एकेकदा चालवा आणि बंद करा. इतकं केलं की विंडोज आपल्या वहीत त्याची नोंद करतं.

आता तीन स्कॅन करा: पहिला पेनड्राइव्ह लावलेला असताना, दुसरा तो इजेक्ट करून, तिसरा पुन्हा लावून. तिन्ही वेळी ‘फिक्स’ला हात लावायचा नाही, फक्त यादी सेव्ह करायची. पुन्हा लावल्यावर ड्राइव्हचं अक्षर तेच आहे ना, तेवढं बघून घ्या. ई चा एफ झाला तर प्रयोग फसतो.

दुसऱ्या स्कॅनमध्ये ‘ई:’ नं सुरू होणाऱ्या ओळी वाढल्या आणि तिसऱ्यात गायब झाल्या, तर क्लीनर पेनड्राइव्ह नसण्यालाच बिघाड समजतोय. बाहेरची हार्डडिस्क, ऑफिसातला नेटवर्क ड्राइव्ह, मोबाइलचं कार्ड, सगळ्यांना हेच लागू होतं. यादीतला मोठा हिस्सा इथेच निकालात निघू शकतो.

खरी गंमत देवनागरी फोल्डरची. पेनड्राइव्ह लावलेला असूनही ‘संत्री’मधली फाइल हरवली म्हणत असेल तर ती ओळ नीट बघा. बऱ्याचदा तिथे असं काहीतरी दिसेल: ‘ई:\??????\’. प्रश्नचिन्हं मोजा, सहा भरतील. आपल्याला संत्री दोन अक्षरांची वाटते, पण कॉम्प्युटरला ती स, अनुस्वार, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार अशी सहा तुकड्यांत दिसते. विंडोजमध्ये देवनागरी फक्त युनिकोडमधून, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या सामायिक अक्षरसंचातून चालते; इंग्रजी किंवा रशियनसाठी जसा जुना, छोटा एएनएसआय अक्षरसंच होता, तसा मराठीसाठी विंडोजनं कधी दिलाच नाही. त्यामुळे जुन्या पद्धतीनं लिहिलेला क्लीनर रजिस्ट्री वाचतो तेव्हा त्याच्या हाती प्रत्येक तुकड्याऐवजी एक प्रश्नचिन्ह पडतं. मग तो ‘??????’ नावाचा फोल्डर शोधत बसतो. विंडोजमध्ये फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही, म्हणजे त्याला तो जन्मात सापडणार नाही.

असा क्लीनर मराठी माणसाच्या कॉम्प्युटरवर ठेवूच नये. ‘सातबारा’, ‘लग्नाचे फोटो’, ‘दुकान हिशेब’ अशा प्रत्येक फोल्डरमागे तो खोटा एरर देईल. विंडोजमधलं खातंच देवनागरी नावाचं असेल तर मग विचारायलाच नको. शिवाय त्याचा बॅकअपही त्याच साच्यातला असू शकतो. बॅकअपची फाइल राइट क्लिक करून नोटपॅडमध्ये उघडा. डबल क्लिक नको, त्यानं ती रजिस्ट्रीत घातली जाऊ शकते. पहिल्या ओळीत ‘विंडोज रजिस्ट्री एडिटर व्हर्जन ५.००’ असेल तर ठीक. ‘रेगएडिट४’ असेल तर ती जुन्या पद्धतीची आहे, आणि तुमची देवनागरी नावं तिच्यात प्रश्नचिन्हं होऊन बसली असतील. ती परत घातली तर प्रश्नचिन्हंच परत येतील.

या प्रयोगात आणखी एक चमत्कारिक ओळ दिसू शकते. प्रोग्रामच्या नावाला, म्हणजे डॉट ईएक्सईच्या पुढे, ‘डॉट फ्रेंडलीॲपनेम’ असं शेपूट असतं. ही ‘एमयूआय कॅश’ची नोंद. चालवलेल्या प्रोग्रामचं दाखवायचं नाव विंडोज तिथे लिहून ठेवतं आणि शेपूट स्वतःच जोडतं. क्लीनर शेपटासकट पूर्ण नावाची फाइल शोधतो, ती नसतेच. ही नोंद उडवली तरी नुकसान नाही, पण प्रोग्राम पुन्हा चालवला की ती पुन्हा येणार. ‘काल साफ केलं, आज पुन्हा शंभर एरर’ या तक्रारीमागे बऱ्याचदा अशाच नोंदी असतात.

आकडा फुगतो कसा

रजिस्ट्रीतले काही मोठे कप्पे हे स्वतंत्र कप्पे नाहीत, दुसऱ्याच्याच खिडक्या आहेत. ‘क्लासेस रूट’ म्हणून जो दिसतो तो ‘लोकल मशीन’ आणि ‘करंट यूझर’ यांच्यातल्या ‘क्लासेस’चा एकत्र देखावा. ‘करंट यूझर’ हा ‘यूझर्स’मधलाच तुमचा भाग. त्यामुळे एकच नोंद दोन किंवा तीन पत्त्यांवर दिसते आणि बेफिकीर क्लीनर ती तितक्यांदा मोजतो. सेव्ह केलेल्या यादीत एखाद्या फाइलचं नाव शोधा. पत्त्याचा शेवट तोच आणि सुरुवात वेगळी अशा ओळी सापडल्या तर ती एकच धरा.

आकडा मोठा असण्यात विकणाऱ्याचा फायदा असतो: स्कॅन फुकट, दुरुस्ती पैसे भरून. मार्च २०१८ पासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर अँटिव्हायरस अशा घाबरवून विकणाऱ्या प्रोग्रामना नकोशा सॉफ्टवेअरमध्ये धरतो. रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, हेही त्यांनी लेखी सांगून ठेवलंय. २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या प्रकरणात ऑफिस डेपो ही दुकानांची साखळी आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम यांनी मिळून ३.५ कोटी डॉलर भरले. त्या दुकानांतलं ‘पीसी हेल्थ चेक’ हे रजिस्ट्री क्लीनर नव्हतं, पण कमिशनचा आरोप ऐकण्यासारखा आहे: स्कॅन नुसता दिसायचा, निकाल मात्र सुरुवातीला विचारलेल्या चार प्रश्नांवर टिक केली की नाही यावर ठरायचा.

उरलेल्या ओळी एकेक करून

विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, इंग्रजीत सलग ‘रेगएडिट’ लिहा आणि एंटर मारा. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून वर पत्त्याची पट्टी असते. यादीतला पत्ता कॉपी करून तिथे पेस्ट करा. उजवीकडे नाव, टाइप आणि डेटा असे तीन रकाने दिसतील. काही बदलायचं नाही, फक्त वाचायचं. सगळ्या ओळी तपासायची गरज नाही. क्लीनरनं केलेल्या प्रत्येक गटातल्या पाच-पाच पुरेत.

पत्ता टाकला आणि ती नोंदच सापडली नाही? मग तुमचा क्लीनर बहुधा ३२ बिटचा, म्हणजे जुन्या धाटणीचा आहे. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये रकान्यांच्या नावांवर राइट क्लिक करून ‘प्लॅटफॉर्म’ रकाना चालू करा, लगेच कळेल. ६४ बिट विंडोज ३२ बिट प्रोग्रामना गुपचूप दुसऱ्या दाराला पाठवतं. ‘लोकल मशीन’च्या ‘सॉफ्टवेअर’मध्ये ते मागतात ते, पण बऱ्याच वेळा त्यांना मिळतं ‘वाव६४३२नोड’मधलं. तुम्हीही तिथे बघा, नोंद सापडेल.

हाच प्रकार फायलींचा. ३२ बिट क्लीनरनं सिस्टम३२ मध्ये डोकावलं की विंडोज त्याला ‘सिसवाव६४’ या फोल्डरात नेतं. नाव उलटं वाटतं खरं, पण ६४ बिटच्या फायली सिस्टम३२ मध्ये आणि ३२ बिटच्या ‘सिसवाव६४’ मध्ये अशीच मांडणी आहे. जी डीएलएल, म्हणजे प्रोग्रामना लागणारी मदतनीस फाइल, फक्त सिस्टम३२ मध्ये आहे ती त्याला हरवलेली वाटते. तुम्ही फाइल एक्स्प्लोररमध्ये तोच पत्ता उघडा, फाइल जागेवर असेल.

आता डेटाच्या रकान्यातलं लिखाण. टक्क्याच्या चिन्हांमध्ये ‘सिस्टमरूट’ लिहिलेलं असेल आणि टाइपच्या नावात ‘एक्स्पांड’ असेल, तर तो कच्चा पत्ता आहे. वापरताना विंडोज त्याजागी ‘सी:\विंडोज’ भरतं. तो मजकूर कॉपी करून फाइल एक्स्प्लोररच्या पत्तापट्टीत टाका, योग्य जागी उघडेल. सुरुवातीला ॲटचं चिन्ह आणि शेवटी स्वल्पविराम व उणे आकडा असेल, तर तो पत्ताही नव्हे. त्या फाइलच्या पोटातलं अमुक क्रमांकाचं वाक्य दाखव, एवढाच त्याचा अर्थ. ‘रनडीएलएल३२’च्या पुढे डीएलएलचं नाव, स्वल्पविराम आणि आणखी एक शब्द असेल तर तो हुकूम आहे. क्लीनर ही सगळी ओळ एकाच फाइलचं नाव म्हणून शोधतो आणि सापडलं नाही म्हणतो.

कधी नुसतं नाव असतं, फोल्डर नसतो. फॉन्टच्या यादीत ‘मंगल डॉट टीटीएफ’ एवढंच असलं तरी ते बरोबर आहे. विंडोजला फॉन्टचं फोल्डर माहीत असतं. डॉट नेटच्या अनेक नोंदींमध्ये ‘एमएस-कोर-ईई डॉट डीएलएल’ असं पत्त्याशिवाय लिहिलेलं असतं, तेही बरोबर. या दुसऱ्या गटाला क्लीनर ‘ॲक्टिव्हएक्स’ किंवा ‘कॉम’ एरर म्हणतात. तिथे हात घालू नका.

सगळ्यात कोड्यात टाकणाऱ्या ओळी ‘इन्स्टॉलर’च्या ‘कंपोनंट्स’मध्ये सापडतात. तिथे डेटात ‘०२:\सॉफ्टवेअर\…’ असं दिसतं. ०२ नावाचा ड्राइव्ह कुठून आला? तो ड्राइव्ह नाही. विंडोज इन्स्टॉलरच्या भाषेत ०० म्हणजे क्लासेस रूट, ०१ म्हणजे करंट यूझर, ०२ म्हणजे लोकल मशीन. ६४ बिटसाठी २०, २१, २२. म्हणजे हा पत्ता फाइलचा नसून रजिस्ट्रीतल्याच दुसऱ्या नोंदीचा आहे. त्याच ठिकाणी ‘सी?\विंडोज\…’ असंही दिसेल, कोलनच्या जागी प्रश्नचिन्ह. तीही चूक नाही, आणि देवनागरीच्या प्रश्नचिन्हांशी तिचा संबंध नाही. ही फाइल अनेक प्रोग्रामना सामायिक आहे, अशी ती खूण असते. या नोंदी उडवल्या तर त्याच दिवशी काही होत नाही. महिन्याभरानं ऑफिस अपडेट व्हायला नकार देतं, किंवा एखादा प्रोग्राम उघडताच स्वतःची दुरुस्ती सुरू करतो आणि मूळ सीडी मागतो. तोपर्यंत क्लीनर कोणाच्या लक्षातही नसतो.

स्टोअरमधल्या ॲपचा प्रश्न वेगळा आहे. प्रोग्राम फाइल्समधला ‘विंडोजॲप्स’ फोल्डर ॲडमिनलाही सहजासहजी उघडत नाही. परवानगी नाही आणि फाइल नाही यांतला फरक ज्या क्लीनरला कळत नाही, तो तिथलं सगळंच हरवलं म्हणतो.

आणि न लावलेली उपकरणं. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात ई-फायलिंग करणारे वकील, टेंडर भरणारे कंत्राटदार आणि सीए यांच्याकडे डिजिटल सहीचं टोकन असतं. सेतू केंद्रात अंगठ्याचं यंत्र. कळमन्यातल्या अडत्याकडे बिलाचा प्रिंटर. ती काढून ठेवली तरी त्यांच्या नोंदी रजिस्ट्रीत राहतात आणि राहायलाच हव्यात. डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘शो हिडन डिव्हाइसेस’ केलं की ती फिकट रंगात दिसतात. ‘जुनं हार्डवेअर’ म्हणून क्लीनरनं ती काढली, तर टेंडरच्या शेवटच्या दिवशी टोकनचा ड्रायव्हर शोधत बसावं लागतं.

मग खरा एरर कोणता?

ज्याचा त्रास तुम्हाला क्लीनर नसतानाही जाणवतो तो. कॉम्प्युटर सुरू होताच अमुक डीएलएल सापडली नाही अशी चौकट येते, अनइन्स्टॉल केलेला प्रोग्राम यादीतून हटत नाही, राइट क्लिकच्या मेनूत मेलेली नावं राहिली आहेत. अशा वेळी त्या एका नोंदीवर काम करा. सुरुवातीच्या चौकटीसाठी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचं ‘ऑटोरन्स’ घ्या. फाइल न सापडलेली नोंद ते पिवळी दाखवतं. ती डिलीट न करता तिची टिक काढा आणि रिस्टार्ट करा. आठवडाभर काही अडलं नाही तर मग डिलीट करा. अँटिव्हायरसचे अवशेष काढायला त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल वापरा.

वेगासाठी म्हणाल तर यादीतल्या नोंदी काढून काही हाती लागत नाही. एक नोंद २०० बाइटची धरली तरी ८४७ नोंदी म्हणजे १७० केबीच्या आसपास. रजिस्ट्री झाडासारखी रचलेली असते. एक नोंद वाचायला विंडोज सगळी वही चाळत नाही. रॅम ४ जीबी आहे का, हार्डडिस्क जुनी फिरती आहे का, हे आधी बघा. आणि एप्रिलनंतरच कॉम्प्युटर मंदावत असेल तर कॅबिनेट उघडा. कुलरची ओलसर हवा आणि धूळ मिळून प्रोसेसरच्या हीटसिंकवर नमद्यासारखा थर बसतो. खोलीतच ४० अंश असताना प्रोसेसर ९५-१०० अंशांजवळ जातो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. कोरडा ब्रश आणि ब्लोअर आणा, पंखा बोटानं धरून ठेवा, दहा मिनिटांचं काम आहे.

बटण आधीच दाबलं असेल तर

घाईनं दुसरा क्लीनर टाकू नका. पहिल्याच क्लीनरच्या ‘रिस्टोअर’ किंवा ‘बॅकअप’मध्ये जाऊन बदल मागे घ्या आणि रिस्टार्ट करा. नुसती बॅकअपची फाइल डबल क्लिक केली तर कधी ‘सगळा डेटा लिहिता आला नाही’ असा निरोप येतो, कारण काही कप्प्यांची मालकी विंडोजच्या स्वतःच्या ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ खात्याकडे असते आणि तिथे ॲडमिनलाही लिहिता येत नाही. त्यावर उपाय रिस्टोअर पॉइंट. विंडोज नीट सुरू होत नसेल तर लॉगिनच्या पडद्यावरून शिफ्ट दाबून रिस्टार्ट करा. लॉगिनचा पडदाही येत नसेल तर सुरू होताना दोन-तीनदा पॉवर बटणानं बंद केलं की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथून ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘सिस्टम रिस्टोअर’.

‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही आज्ञा पुष्कळ जण सुचवतील. ती विंडोजच्या फायली तपासते. क्लीनरनं उडवलेल्या इतर प्रोग्रामच्या नोंदी ती परत आणत नाही. जो प्रोग्राम बिघडला तो पुन्हा इन्स्टॉल करणं जास्त उपयोगी.

रिस्टोअर पॉइंट नव्हताच आणि बिघाड सगळीकडे पसरलाय, तर चालू विंडोजवरच पुन्हा विंडोज चढवा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून तुमच्याच आवृत्तीची आणि भाषेची आयएसओ फाइल, म्हणजे विंडोजची पूर्ण सीडी एका फाइलमध्ये, उतरवा, डबल क्लिक करून उघडा, ‘सेटअप’ चालवा आणि ‘फायली आणि ॲप ठेवा’ हा पर्याय निवडलाय याची खात्री करा. तो पर्याय फिकट दिसत असेल तर आवृत्ती किंवा भाषा जुळत नाहीये, तिथेच थांबा. सी ड्राइव्हवर २० जीबीपेक्षा जास्त मोकळी जागा हवी आणि तास-दोन तास लागतात. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा, डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, आणि वळवाचं आभाळ भरून आलं असेल तर हे काम सकाळवर टाका.